नायक वजा जाता



विषय कळवायला फोन केला तेव्हा व्याख्यानमालेच्या कार्यवाहांनी तो माझ्याकडून दोनदा वदवून घेतला. गाजलेले सिनेमे, त्यांचे नायक आणि माझी न पटणारी मतं. मग जरा थांबून म्हणाले, "म्हणजे नावं घेणार का तुम्ही?" घेणार आहे. पहिल्या रांगेतल्या निम्म्या मंडळींनी माझ्याबरोबर शाळेची भिंत ओलांडून मॅटिनी पाहिलेली आहे. त्यामुळे त्यांना माझं भय नाही आणि मला त्यांचं.

ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्या सरांनी मला आठवी ते दहावी गणित शिकवलं. नफा-तोट्याचं उदाहरण फळ्यावर मांडून झालं की शेवटच्या ओळीपाशी खडू टेकवून विचारायचे, "खर्च वजा जाता शिल्लक किती?" उत्तर चुकलं तर ओरडायचे नाहीत. "पुन्हा वजा कर," एवढंच म्हणायचे. आज मी तेवढंच करणार आहे. गाजलेल्या सिनेमातून एकेक गोष्ट वजा करायची आणि काय उरतं ते पाहायचं.

त्याआधी एक कबुली. लोकांना न पटणारं मत म्हणजे काय, हे तुम्ही कुठल्या खोलीत उभे आहात त्यावर ठरतं. या सभागृहात मी 'माहेरची साडी' हा रडका सिनेमा आहे असं म्हटलं तर टाळ्या पडतील. त्यात कसलं आलंय धाडस? तेच वाक्य त्या वेळी, एस.टी. स्टँडमागच्या टॉकीजबाहेर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून उतरणाऱ्या बायांपुढे बोलायची माझी छाती झाली नसती. तेव्हा या खोलीला रुचणार नाही तेच आधी सांगून टाकतो. 'माहेरची साडी' हा पक्का बांधलेला सिनेमा आहे.

१९९१ साली विजय कोंडके यांनी तो काढला. 'बाई चाली सासरिये' या राजस्थानी चित्रपटावरून. त्यानं अलका कुबल यांना घरोघरची लेक केलं आणि शहाण्या लोकांना टिंगलीसाठी पुढची तीस वर्षं पुरेल असा विषय दिला. बायका त्या सिनेमाला रडायला जायच्या असं आपण म्हणतो. मी तो आपल्या टॉकीजमध्ये तीनदा पाहिला, आणि तिन्ही वेळा माझ्या आजूबाजूला रडण्यापेक्षा शिव्या जास्त ऐकू आल्या. उषा नाडकर्णींची सासू पडद्यावर आली की अंधारातून जे काही सुरू व्हायचं ते या व्यासपीठावरून सांगता येणार नाही. स्वतःच्या सासूला उभ्या जन्मात जे ऐकवता आलं नाही ते त्या बाया एका तिकिटात ऐकवून घेत होत्या. उषाताईंनी त्या बाईला मवाळपणाचा एकही क्षण दिला नाही. प्रेक्षकाला आपली दया यावी असं प्रत्येक नटाला वाटतं. तो मोह त्यांनी टाळला. अलका कुबल यांचे अश्रू पोस्टरवर गेले, पण ते अश्रू खरे वाटले ते समोरच्या बाईमुळे. सासू वजा करा; सून नुसतीच हुंदके देत बसलेली दिसेल.

आणि एक गंमत सांगतो. वर्गात असल्या सिनेमांना 'भावनांचं पाणचट वरण' म्हणणारे आमचे सर त्या टॉकीजमध्ये माझ्या दोन रांगा पुढे बसलेले मी पाहिले. मी तेव्हा नोकरीला लागलेला, तिशीला टेकलेला होतो, तरी खुर्चीत खाली सरकलो. मध्यंतरात दिवे लागले. सर चष्मा पुसत होते. नजरानजर झाली तेव्हा म्हणाले, "फोकस बिघडलाय यांच्या मशीनचा."

आता मोठ्या गाठोड्याकडे येऊ. 'शोले'.

१५ ऑगस्ट १९७५ ला तो मुंबईत लागला. मिनर्व्हात पाच वर्षं चालला. आपल्या गावी प्रिंट यायला वर्ष उलटून गेलं होतं. ती आली तेव्हा तिच्यावर इतक्या गावांचे ओरखडे होते की रामगढमध्ये सतत पाऊस पडतोय असं वाटायचं. मी तेव्हा चौदा वर्षांचा होतो. रिळांच्या पेट्या एस.टी.च्या टपावरून यायच्या आणि त्या उतरवायला आम्ही पोरं मदत करायचो. मोबदला म्हणून ऑपरेटर कापलेल्या फिल्मचे तुकडे द्यायचा. ते भिंगातून उन्हात धरायचे, म्हणजे हेमामालिनी भिंतीवर दिसायची, तीही उलटी.

तर त्या वेळी एक रीळ गहाळ झालेलं होतं. मागच्या गावी राहिलं, की तुटून निकामी झालं, की रात्रीचा खेळ लवकर आटपावा म्हणून कुणी चढवलंच नाही, ते आजतागायत कळलेलं नाही. दहा-अकरा मिनिटांचा तुकडा असेल. त्यामुळे मी पाहिलेल्या पहिल्या 'शोले'त ठाकूर गब्बरला पकडतो, गब्बर डोळे वटारून सूड घेईन म्हणतो, आणि पुढच्या क्षणी वारा सुटून ठाकूरची शाल खाली पडते. हात नाहीत. पीटातल्या पब्लिकनं एकच कल्ला केला. "अरे हात कुठं गेले?" कुणीतरी ओरडलं, "मागच्या गावी राहिले!" अख्खं थिएटर हसलं. पुढे मारामाऱ्या झाल्या, नाणं उडालं, जय मेला, शिट्ट्या वाजल्या, पैसे वसूल झाले. दरोडेखोरांचा एक झकास सिनेमा पाहून आम्ही घरी गेलो.

पुढच्या वर्षी कोल्हापुरात मावशीकडे गेलो असताना तोच सिनेमा पूर्ण पाहिला. ते रीळ तिथे होतं.

दुपारची वेळ. ठाकूरचं घर. झोपाळा कुरकुरतोय. गोळी सुटते, माणूस पडतो आणि पडता पडता चित्र गोठतं. पुन्हा गोळी, पुन्हा माणूस, पुन्हा चित्र गोठतं. टेकडीवर घोडेस्वार दिसतात. गब्बर उतरून येतो. अंगणात एक लहान पोरगा उरलाय. दोघं एकमेकांकडे बघतात. बंदूक वर होते, आणि गोळीचा आवाज यायच्या जागी आगगाडी धडाडत येते. गाडीतून ठाकूर उतरतो. घरी आल्यावर अंगणात पांढरी कापडं अंथरलेली. वारा ती कापडं उचलतो. सगळ्यांत लहान कापड कुठलं ते आपण आधी पाहिलेलं असतं. ठाकूर नंतर पाहतो.

ते पाहून झाल्यावर शाल पडली तेव्हा त्या कोल्हापूरच्या थिएटरात कुणी हसलं नाही. माझ्या शेजारच्या माणसानं पेटवलेली विडी तशीच बोटात जळत गेली.

आता सरांचं गणित लावा. दोन्ही खेळांत धर्मेंद्र तेच होते, अमिताभ तेच होते. त्यांचा एक फूटही कमी-जास्त नव्हता. एका थिएटरात गमतीचा सिनेमा चालला होता, दुसऱ्यात शोकांतिका. फरक पडला तो ज्या दहा मिनिटांत दोघे नायक फिरकतही नाहीत त्या दहा मिनिटांनी. 'शोले'चं काळीज तिथे आहे असं माझं मत आहे, आणि टाकीवरचा धिंगाणा हा त्या सिनेमातला सगळ्यांत लांबलेला तुकडा आहे असंही आहे. (मागून कुणीतरी 'नाही नाही' म्हणतंय. असू दे, तुमचंही तिकीट खर्चलेलं आहे.)

ती दहा मिनिटं कुणाची? दिग्दर्शक रमेश सिप्पी यांची, अर्थातच. सलीम-जावेद यांची. संजीवकुमार यांची. पण गोळीऐवजी आगगाडी येते ती जागा संकलकाची. एम. एस. शिंदे हे त्यांचं नाव. मराठी माणूस. 'सीता और गीता'ही त्यांनीच कापला होता. याच सिनेमात गब्बर हातावरची मुंगी चिरडतो आणि पुढच्या दृश्यात घोड्यावरून इमामसाहेबांच्या अहमदचं प्रेत येतं. मधलं काहीच दाखवलेलं नाही. त्या पोराचा खून आपल्याला 'दिसला' असं लोक शपथेवर सांगतात, तो या कात्रीमुळे. फिल्मफेअरनं त्या वर्षी सर्वोत्तम चित्रपट म्हणून 'दीवार' निवडला. 'शोले'च्या पदरात एकच पारितोषिक पडलं, संकलनाचं. एवढ्या ताऱ्यांच्या गर्दीत बाहुली मिळाली ती खोलीत बसून फिल्म चिकटवणाऱ्या शिंद्यांना. पन्नास वर्षं उलटली. इथे बसलेल्यांपैकी किती जणांना हे नाव ठाऊक होतं ते मी हात वर करायला सांगून विचारणार नाही. मलाही चाळिशीनंतर कळलं.

संजीवकुमारांबद्दल एक आकडा सांगतो, कारण सरांना आकडे आवडायचे. धर्मेंद्र यांचा जन्म डिसेंबर १९३५ चा, संजीवकुमार यांचा जुलै १९३८ चा. म्हणजे टाकीवर चढून लग्नासाठी हट्ट धरणारा तरुण हा पांढऱ्या केसांच्या ठाकूरपेक्षा अडीच वर्षांनी मोठा होता. माझी धर्मेंद्र यांच्याबद्दल तक्रार नाही. तो माणूस पडद्यावर हसला की आजही घर भरल्यासारखं वाटतं. पण वय खांद्यावर घेऊन, हात वापरायची मुभा नसताना, निव्वळ मान आणि आवाज यांवर तीन तास उभं राहणं ही वेगळी मजुरी आहे. आणि अमिताभ यांचं त्यातलं सगळ्यांत चांगलं काम कुठलं म्हणाल, तर समोर जया भादुरी दिवे मालवत जातात आणि ते पायरीवर बसून माऊथ ऑर्गन वाजवतात, ते. तिथे ते बोलत नाहीत. मौसीकडे वीरूचं स्थळ घेऊन जातात त्या प्रसंगात ते भरपूर बोलतात. तिथे माझे डोळे लीला मिश्रांवरून हलत नाहीत. जय एकेक अवगुण गुणासारखा सांगतो आणि मौसीचा चेहरा पायरीपायरीनं उतरत जातो. विनोद बोलणाऱ्याचा म्हणून खपतो, पण तो पिकतो ऐकणाऱ्याच्या तोंडावर.

ही गोष्ट आपल्याकडच्या एका लेखकाला पुरती ठाऊक होती. वसंत सबनीस. 'विच्छा माझी पुरी करा' हे त्यांचं वगनाट्य, ज्यानं दादा कोंडके नावाचं वादळ रंगभूमीवर आणलं. १९७१ चा 'सोंगाड्या' त्यांनीच लिहिलेला. दादांच्या ओळीनं नऊ रौप्यमहोत्सवी चित्रपटांचा विषय निघाला की लोक नाडी, हाफपँट आणि द्व्यर्थी संवाद यांवर बोलतात. काही जण ओशाळतात, काही जण अभिमान बाळगतात. मला त्या सिनेमांत आधी दिसते ती रत्नमाला यांची आये. 'सोंगाड्या'तला नाम्या भोळा वाटतो कारण त्याला धाक घालणारी एक आई आहे. ती डोळे मोठे करते म्हणून तो लहान होतो. ती नसती तर तेच बोलणं, तीच चाल, तेच डोळे मिचकावणं एका वाढलेल्या बाप्याचा चावटपणा झालं असतं आणि माजघरातल्या बायका थिएटराकडे वळल्या नसत्या. रत्नमाला यांच्या पदराआडून दादांनी महाराष्ट्राला डोळा मारला. दादांना हे कळत होतं असा माझा दाट संशय आहे, कारण पुढेही त्यांनी ती आये हातची जाऊ दिली नाही. १९७५ साली 'पांडू हवालदार' स्वतः दिग्दर्शित केला तेव्हा शेजारी अशोक सराफ यांना उभं केलं, आणि हवं तेवढं मैदान दिलं. दुसऱ्याला हशा मिळू देणारा नायक विरळा. दादांची ही बाजू कुणी सांगत नाही. त्यांच्या निंदकांनाही नको असते आणि भक्तांनाही.

सबनीसांचा दुसरा पुरावा १९८८ चा. 'अशी ही बनवाबनवी'. यावर महाराष्ट्रात न पटणारं मत मांडणं म्हणजे पंढरपुरात जाऊन विठोबाच्या उंचीबद्दल बोलण्यासारखं आहे. तरी बोलतो. ही गोष्ट मूळची १९६६ च्या 'बीवी और मकान'ची. दिग्दर्शक कोण, तर हृषिकेश मुखर्जी. त्यात मेहमूद होते, बिस्वजीत होते. भाड्याच्या घरासाठी पुरुषांनी बायका व्हायचं ही कल्पनाही तीच. तो सिनेमा आज कुणाला आठवत नाही आणि 'बनवाबनवी' दूरदर्शनवर, चॅनेलवर, मोबाइलवर, लग्नाच्या आदल्या रात्री, कुठेही लागला तरी लोक पुढचं वाक्य आधी म्हणतात. मुखर्जी कमी पडले म्हणावं, तर ते या धंद्यातले दादामाणूस. नट कमी पडले म्हणावं, तर मेहमूद! उरतं काय? उरते बोली. पुण्यातला घरमालक कसा बोलतो, पैसे कसे मोजतो, 'बरं' हा शब्द किती प्रकारे उच्चारतो, हे सबनीसांना पाठ होतं.

त्या सत्तर रुपयांचा विनोद आठवा. इथे हसू फुटलंच! अशोक सराफ यांच्या नावावर तो कोरला गेलाय, आणि त्यांचं टायमिंग काय सांगावं. पण पुढच्या वेळी पाहाल तेव्हा एक करा. अशोकमामांकडे बघू नका. सुधीर जोशी यांच्याकडे बघा. त्यांच्या घरमालक विश्वासराव सरपोतदारांना आधी कळतं की कुणी माणूस गेला. चेहऱ्यावर सभ्य दुःख येतं. मग लक्षात येतं की आपले पैसेही गेले, आणि ते सभ्य दुःख खऱ्या दुःखात उतरतं. सुधीर जोशी तिथे हसवायला जात नाहीत. रुपये गेल्याचं एका माणसाला मनापासून वाईट वाटतंय, इतकंच ते करतात. दिग्दर्शक सचिन यांनी कॅमेरा त्या चेहऱ्यावर थांबू दिला, हे त्यांचं मोठेपण.

सचिन यांचं नाव आलंच आहे तर हा धागा ओढतो, कारण माझ्या आजच्या हिशोबात हा माणूस वारंवार सापडतो. 'शोले'त मुंगीसारखा चिरडला जाणारा अहमद तोच. आणि १९८२ च्या 'नदिया के पार'चा नायकही तोच. राजश्रीचा तो साधा, धुळीचा, बैलगाडीचा सिनेमा. बारा वर्षांनी राजश्रीनंच ती गोष्ट पुन्हा काढली, बैलगाडी जाऊन मोठाल्या मोटारी आल्या, आणि तिचं नाव झालं 'हम आपके हैं कौन'. १९९४ चा ऑगस्ट. मुंबईच्या लिबर्टीत तो शंभर आठवड्यांहून जास्त टिकला.

याचा नायक सलमान खान. आता मला सांगा, त्याचा प्रेम या सिनेमात करतो काय? गलोल मारतो, गातो, आणि गोष्टीला खरी गाठ पडते तेव्हा गप्प बसायचं ठरवतो. नायिका निशा हिनं लिहिलेली चिठ्ठी टफी नावाचा कुत्रा तोंडात धरतो, प्रेमकडे न जाता मोठ्या भावाकडे नेतो आणि तिथे सगळं उलगडतं. म्हणजे हिंदी सिनेमाच्या इतिहासातल्या एका महाप्रचंड यशस्वी चित्रपटात नायकाचं काम कुत्र्यानं केलेलं आहे. हे मी चेष्टेनं म्हणत नाही. ज्या सिनेमात खलनायक नाही तिथे नायकाला उद्योगच राहत नाही, आणि लोकांना तेच हवं होतं. त्यांना लग्नाला जायचं होतं. जेवण, गाणी, जोडे पळवणं. आपल्याकडे नवरीचा भाऊ नवरदेवाचा कान पिळायचा, कानपिळी. त्या सिनेमानंतर दोन-तीन मोसमांत आपल्या कार्यालयांत जोडे पळवण्याचा सौदा सुरू झालेला मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला आणि माझ्या पुतण्याच्या लग्नात पाच हजारांना बसलोही.

माधुरी दीक्षित यांच्याबद्दल मी काही बोलणार नाही, मला याच गावात राहायचं आहे. रेणुका शहाणे यांच्याबद्दल मात्र बोलतो. त्यांची पूजा जिन्यावरून पडून जाते तेव्हा सिनेमातलं लग्नघर खरोखर रिकामं होतं. नायिका रडली म्हणून ते होत नाही. आधीचे दोन तास ती बाई साध्या हसण्यानं त्या घरात वावरली, म्हणून होतं.

आणि लक्ष्मीकांत बेर्डे. इथे माझा आवाज चढला तर माफ करा. १९९४ साली हा माणूस मराठी पडद्याचा राजा होता. त्याच्या नावावर तालुक्याच्या गावची थिएटरं पोट भरत होती. तो तिथे घरगड्याच्या कामात उभा आहे. त्याआधी 'मैंने प्यार किया'तही धाकट्या पंगतीलाच होता. आपण काय केलं? "आपला लक्ष्या हिंदीत गेला" म्हणून पेढे वाटले. मीही त्यांतला. त्याच्या प्रत्येक वाक्याला आमच्या थिएटरात शिट्ट्या पडायच्या, सलमानपेक्षा जास्त. आपला राजा दुसऱ्याच्या वाड्यात ट्रे घेऊन उभा आहे याची लाज वाटायला मला वीस वर्षं लागली. त्याला पडेल ते काम चोख करायची सवय होती. तो दोष त्याचा नाही. दोष टाळी वाजवणाऱ्यांचा.

अलीकडचं एक. १४ फेब्रुवारी २०२५ ला आलेला 'छावा'. शिवाजी सावंतांच्या कादंबरीवरचा, लक्ष्मण उतेकर यांचा. यावर तोंड उघडणं जरा अवघड आहे, कारण नटाबद्दल बोललेलं संभाजी महाराजांबद्दल बोललं असं धरलं जातं. एका लग्नाच्या पंगतीत मी म्हणालो की विकी कौशल यांना दिग्दर्शकानं फार गर्जना करायला लावल्या, तर समोरचा गृहस्थ पानावरून उठला. अर्धी जिलबी तशीच. नटाच्या मेहनतीत खोट नाही. पण संस्कृतात 'बुधभूषण' रचणारा राजा पडद्यावर आणायचा तर त्याला एकदोनदा शांत बसून विचार करताना दाखवायला काय हरकत होती? त्या सिनेमात मला खरे संभाजीराजे भेटले ते साखळदंडात, शेजारी विनीतकुमार सिंह यांचे कवी कलश असताना. छळ चाललेला असताना दोन मित्र कवितेत बोलतात. तिथे आवाज खाली येतो आणि माणूस वर येतो. पुन्हा तेच, बाजूला दुसरा कुणीतरी लागतोच.

इतका वेळ मी नायक वजा करत आलो. पण हिशोब प्रामाणिक ठेवायचा तर जिथे माझं गणित तोंडघशी पडतं तेही सांगायला हवं. 'सैराट', २९ एप्रिल २०१६. दोन वर्षांनी हिंदीत तीच गोष्ट 'धडक' म्हणून आली. अजय-अतुल यांचं संगीत तेच, 'झिंगाट'सुद्धा हिंदीत गेलं. पण करमाळ्याचं ऊन वजा झालं, उदयपूर आलं. जात जवळजवळ वजा झाली. आणि आर्ची वजा झाली. शिल्लक काय राहिलं ते तुम्ही पाहिलेलं आहे. आर्ची झालेली रिंकू राजगुरू तेव्हा शाळकरी पोर, अकलूजची. ट्रॅक्टर चालवत येते तेव्हा तिच्या बसण्यात बापाची जमीन दिसते. ती मिजास शिकवून येत नाही. तिच्याऐवजी दुसरी कुणी मी कल्पून पाहिली, जमत नाही. इथे मुख्य भूमिका वजा केली की काही उरत नाही, आणि माझ्या सगळ्या सिद्धांताची ऐशीतैशी होते. तरी हट्टानं एक नोंद करतो. हैदराबादच्या त्या झोपडपट्टीत गाणी थांबतात, वाद्यमेळ थांबतो, आणि आर्ची नळावर पाणी भरायला शिकते. त्या उत्तरार्धात आमच्या गावच्या थिएटरातली पोरं उठून बाहेर चहा प्यायला जात होती. 'झिंगाट'ला नाचलेली तीच पोरं. सिनेमा शंभर कोटींच्या घरात गेला तो पूर्वार्धावर, आणि मला वाटतं नागराज मंजुळे यांनी काढला तो उत्तरार्धासाठी. शेवटी लहानग्याच्या तांबड्या पावलांवर आवाज बंद होतो तेव्हा जी चार माणसं खुर्चीला खिळून राहतात त्यांच्यासाठी.

खुर्चीवरून आठवलं. जुन्या सिनेमात सगळी नावं सुरुवातीला यायची. तेव्हा लोक टॉर्चवाल्याच्या मागून जागा शोधत असायचे, पोरं रडायची, कुणाचा तरी पाय कुणावर पडायचा. शिंद्यांचं नाव त्या गडबडीत येऊन गेलं. हल्ली नावं शेवटी येतात. तेव्हा दिवे लागलेले असतात आणि दारं उघडलेली.

गेल्या वर्षी पुण्यात मुलाकडे असताना एका मल्टिप्लेक्सला गेलो होतो. असाच एक कोट्यवधींचा सिनेमा. संपल्यावर मी बसून राहिलो. काळ्या पडद्यावर बारीक अक्षरांत नावं वर सरकत होती, शेकड्यांनी. सूनबाई दारापर्यंत जाऊन परत आली आणि "बाबा, पार्किंगचे पैसे वाढतील" म्हणाली. तिला म्हटलं, तू हो पुढे. थिएटरात मी आणि झाडूवाला पोरगा. अठरा-एकोणीसचा असेल, हातात झाडू आणि काळी पिशवी. पॉपकॉर्न गोळा करत करत माझ्या रांगेपर्यंत आला आणि अवघडून थांबला.

"काका, घरचं कुणी आहे का त्याच्यात?"

मी म्हणालो, "आहेत."

त्यानं पडद्याकडे पाहिलं. मग झाडू खुर्चीला टेकवला आणि शेजारच्या पायरीवर बसून तोही वाचायला लागला.